शाळेत गेलेले निरक्षर

डेट्रॉइट शहरातल्या ४७ टक्के प्रौढांना वाचता येत नाही, अशी बातमी २०११ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर झळकली. फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या तिन्ही मोटार कंपन्या जिथे वाढल्या, त्या शहरातली जवळपास निम्मी माणसे निरक्षर निघावीत, यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसेना. आकडा इतका धक्कादायक होता, की तो आला कुठून हे विचारायला फारसे कुणी थांबले नाही. आजही डेट्रॉइटचा विषय निघाला की तो हमखास सांगितला जातो. त्याच्यामागची खरी हकीकत मात्र त्या बातमीपेक्षा जास्त अस्वस्थ करणारी आहे.

२०११ चा तो अहवाल डेट्रॉइट रीजनल वर्कफोर्स फंड या संस्थेचा. तिने नवी मोजणी केलेली नव्हती. तिने घेतलेला आकडा १९९० च्या दशकातला होता, आणि तोही शहरात परीक्षा घेऊन काढलेला नव्हता. १९९२ साली अमेरिकी सरकारने देशभरातल्या सुमारे २६ हजार प्रौढांकडून वाचन-लेखनाची रोजच्या व्यवहारातली कामे करून घेतली आणि त्यांना पाच पातळ्यांत बसवले. या पाहणीला जनगणनेच्या माहितीची जोड देऊन पुढे एकेका शहराचा अंदाज बांधण्यात आला. डेट्रॉइटचे ४७ टक्के प्रौढ सर्वांत खालच्या, म्हणजे पहिल्या पातळीवर असावेत, असे त्यातून निघाले.

पहिल्या पातळीवरच्या प्रत्येकाला अक्षरओळख नसते, असे मात्र नाही. त्यातल्या अनेकांना बँकेच्या भरणा पावतीवरची बेरीज करता येते, सभेच्या सूचनेतली वेळ शोधता येते, छोट्या बातमीतली एखादी ठळक गोष्ट सांगता येते. रस्त्यांच्या नकाशात दोन रस्ते कुठे छेदतात ते शोधणे, हे दुसऱ्या पातळीचे काम. तिथे ही माणसे अडतात. नोकरीचा अर्ज, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, घरभाड्याचा करार, न्यायालयाची नोटीस यांतले काहीही त्यांना एकट्याने पुरते लागत नाही. म्हणजे ‘वाचता येत नाही’ ही बातमी चुकीची होती, पण या माणसांचे वाचन जगायला पुरत नव्हते, हेही तितकेच खरे.

२०११ च्या त्याच अहवालातली दुसरी एक नोंद बातम्यांच्या गर्दीत मागे पडली. वाचनात कच्च्या असलेल्या या सुमारे दोन लाख प्रौढांपैकी जवळपास निम्म्यांकडे बारावी झाल्याचा दाखला किंवा त्याच्या तोडीचे प्रमाणपत्र होते. माझ्या मते डेट्रॉइटबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे. प्रौढ निरक्षर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळेची पायरी कधीच न चढलेला माणूस येतो. यांतली बरीच माणसे बारा वर्षे शाळेत जाऊन, वर्गात बसून, वरच्या इयत्तेत चढून आणि शेवटी दाखला घेऊन बाहेर पडलेली आहेत. त्यांची निरक्षरता ही शाळेची थकबाकी आहे, आणि ती वसूल मात्र त्यांच्याकडून होते आहे.

१९९२ च्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली होती. पहिल्या पातळीवरच्या लोकांना ‘तुम्हाला इंग्रजी कितपत वाचता येते’ असे विचारले, तेव्हा त्यांच्यातल्या किमान दोन तृतीयांश लोकांनी ‘चांगले’ किंवा ‘खूप चांगले’ असे उत्तर दिले. आपल्याकडच्या जनगणनेशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. आपल्या जनगणनेत सात वर्षांवरील व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येत असेल तर ती साक्षर धरली जाते; पण परीक्षा होत नाही, घरातल्या माणसाने सांगितलेले उत्तर तसेच लिहिले जाते. २०११ साली महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या पुढे नोंदली गेली, ती याच पद्धतीने. प्रत्यक्ष वाचायला लावून पाहण्याची सवय आपल्याला लावली ती ‘असर’ या पाहणीने, आणि ती चालवणारी ‘प्रथम’ संस्था मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९० च्या दशकात सुरू झाली. २०२४ च्या ‘असर’मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता आला नाही. ही पाहणी खेड्यांत होते. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत घरोघर जाऊन दर खेपेला असे कुणी मोजत नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

आता डेट्रॉइटकडे. शिकवायचे नाहीच, असे या शहराचे धोरण पूर्वी नव्हते. हेन्री फोर्डने १९१४ च्या जानेवारीत दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, आणि त्याच वर्षी डेट्रॉइटच्या पोटात असलेल्या हायलँड पार्क या छोट्या शहरातल्या कारखान्यात कामगारांसाठी इंग्रजीचे वर्ग सुरू केले. युरोपातून आलेल्या हजारो मजुरांनी तिथे पाळी संपल्यावर बसून इंग्रजी गिरवले. त्यात कारखानदाराचा स्वार्थ होता. कामगाराने घरात कसे राहावे यावरही कंपनीचा डोळा असे. तरीही प्रौढ माणसाला वाचायला शिकवता येते, मनात आणले तर हजारोंना शिकवता येते, हे त्या शहराने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले होते.

पुढच्या दशकांत दक्षिणेकडच्या राज्यांतून काळे कामगार मोठ्या संख्येने आले. जिथून ते आले तिथल्या काळ्यांच्या शाळा मुद्दाम दरिद्री ठेवलेल्या होत्या. त्यामुळे अपुऱ्या शिक्षणाचे ओझे घेऊनच पहिली पिढी डेट्रॉइटला पोचली. जुळणीच्या रांगेवर ते ओझे लपून जाई; हात चालले की पगार मिळे आणि त्या पगारात घर होई. वाचन कच्चे असण्याची किंमत मोजावी लागली ती कारखाने गेल्यावर.

कारखाने १९५० च्या दशकापासूनच शहराबाहेर सरकू लागले, आणि गोरी कुटुंबे त्यांच्यामागोमाग उपनगरांत गेली. काळ्यांच्या वस्त्यांना गृहकर्ज नाकारले जाई, उपनगरांत त्यांना घर मिळत नसे. १९५० मध्ये साडेअठरा लाख लोकसंख्या असलेल्या या शहरात २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार माणसे उरली. मुलांना तरी शहर आणि उपनगर मिळून एकत्र शिकवता येईल का, हा प्रश्न ‘मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १९७४ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्यांच्या शाळांना या योजनेत ओढता येणार नाही. डेट्रॉइटच्या शाळांचे भवितव्य त्या दिवशी बरेचसे ठरून गेले. ज्यांच्याकडे पैसा आणि वजन होते ते सीमेपलीकडे होते, आणि सीमेला आता न्यायालयाची मोहर लागली होती.

पैशांचे गणित इथे नीट समजून घ्यायला हवे, कारण शहर गरीब म्हणून शाळा वाईट, एवढ्यावर ते संपत नाही. मिशिगन राज्याने १९९४ साली शाळांच्या अनुदानाची पद्धत बदलली. स्थानिक घरपट्टीवरचा भार कमी करून राज्याने दर विद्यार्थ्यामागे ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. ऐकायला हे न्याय्य वाटते, आणि श्रीमंत-गरीब गावांतले अंतर त्याने काही प्रमाणात कमीही झाले. पण मूल गेले की पैसा जातो. त्याच सुमारास खासगी व्यवस्थापनाच्या, सरकारी पैशावर चालणाऱ्या ‘चार्टर’ शाळा सुरू झाल्या, शेजारच्या गावात नाव घालण्याची मुभाही मिळाली. तीस जणांच्या वर्गातून चार मुले गेली तर चौघांचे अनुदान जाते. शिक्षकाचा पगार, छप्पर, गरम पाण्याचा बंब आणि जुन्या कर्जाचे हप्ते तसेच राहतात. शिवाय इमारतींचा खर्च स्थानिक घरपट्टीवरच राहिला, आणि घरे ओस पडत चाललेल्या शहरात घरपट्टी येणार कुठून? १९६० च्या दशकात डेट्रॉइटच्या सरकारी शाळांच्या पटावर जवळपास ३ लाख मुले होती. २०१६ पर्यंत ती ५० हजारांच्या खाली आली. २००० नंतरच्या पंधरा वर्षांत जवळपास २०० शाळा बंद झाल्या. मुलाची शाळा बंद होते, ते दुसऱ्या शाळेत जाते, काही वर्षांनी तीही बंद होते. अशा फिरतीत कोणत्याच शिक्षकाला हे मूल कुठे अडले आहे ते कळत नाही.

दोष शहराच्या नालायकीला देण्याची रीत आहे. म्हणून हेही सांगितले पाहिजे, की १९९९ साली राज्याने लोकनियुक्त शाळा मंडळ बाजूला सारून कारभार हाती घेतला, तेव्हा मंडळाच्या खात्यात ९ कोटी डॉलरच्या वर शिल्लक होती. मध्ये काही वर्षे लोकनियुक्त मंडळ परत आले. २००९ पासून २०१६ पर्यंत पुन्हा राज्याने नेमलेले आणीबाणी व्यवस्थापक होते. या काळाच्या शेवटी कर्ज इतके वाढले, की विधिमंडळाला २०१६ मध्ये ६१ कोटी ७० लाख डॉलर देऊन जुना शालेय जिल्हा, म्हणजे शाळा चालवणारी संस्था, कर्जफेडीपुरता बाजूला काढावा लागला आणि मुलांसाठी नवा जिल्हा उभारावा लागला. ज्यांनी शिस्त लावायला म्हणून कारभार घेतला, त्यांच्याच हातून हे झाले. जबाबदारी राज्याची होती, हे मला तरी स्पष्ट दिसते.

त्याच वर्षीच्या जानेवारीत शिक्षकांनी सामूहिक आजारपणाच्या रजा टाकल्या. एका दिवशी ८० हून अधिक शाळा बंद राहिल्या. भिंतींवरची बुरशी, मेलेले उंदीर, फुगून उखडलेली व्यायामशाळेची जमीन यांची छायाचित्रे शिक्षकांनी देशापुढे ठेवली. सप्टेंबर २०१६ मध्ये सात विद्यार्थ्यांच्या वतीने राज्याविरुद्ध जो दावा दाखल झाला, त्यात वर्णन केलेली एक गोष्ट बुरशीपेक्षा भयंकर आहे. गणिताचा शिक्षक सोडून गेला आणि त्याच्या जागी कुणी मिळाले नाही, तेव्हा आठवीतल्याच एका विद्यार्थ्याने सातवी-आठवीच्या वर्गांना महिनाभर गणित शिकवले.

मूल न वाचता वर कसे चढत जाते, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. पहिल्या तीन इयत्तांत मूल वाचायला शिकते. चौथीपासून ते वाचून शिकेल असे गृहीत धरून विज्ञान, इतिहास, शाब्दिक गणिते सुरू होतात. तिसरीपर्यंत अक्षरांचे आवाज जुळवून शब्द सहज वाचता आले नाहीत, तर पुढे प्रत्येक विषय अडतो, पण पुढच्या शिक्षकाच्या वेळापत्रकात वाचन शिकवायला तास नसतो. फळ्यावरचे उतरवून घेता येते, शिक्षक मोठ्याने वाचतात तेव्हा ऐकून उत्तर देता येते, शेजाऱ्याच्या वहीत डोकावता येते. नापास करून ठेवले तर मूल शाळा सोडते, म्हणून ते वर ढकलले जाते. आठवीतल्या मुलाला तिसरीचे वाचन शिकवायचे तर वेगळा, तयार शिक्षक लागतो. ज्या शाळेत बदली शिक्षकसुद्धा मिळत नाही तिथे तो कुठला? २०१५ च्या राष्ट्रीय चाचणीत डेट्रॉइटच्या चौथीतली फक्त ६ टक्के मुले वाचनात ‘प्रवीण’ ठरली. ही पातळी बरीच वरची आहे, देशभरातसुद्धा ३५ टक्क्यांच्या आसपासच मुले तिथवर पोचतात; तरी ३५ आणि ६ यांतले अंतर कुठल्याही खुलाशाने भरून निघत नाही.

त्यात भर गैरहजेरीची. शाळेच्या दिवसांपैकी दहावा हिस्सा किंवा जास्त चुकला तर त्याला दीर्घ गैरहजेरी म्हणतात. डेट्रॉइटच्या सरकारी शाळांत २०२२-२३ मध्ये साधारण दोन तृतीयांश मुले त्यात मोडत होती. मोटारींच्या या शहरात अनेक गरीब घरांत मोटार नाही, सार्वजनिक बस वेळेवर नाही, हिवाळ्यात थंडी शून्याच्या खूप खाली जाते, आणि भाडे थकले की घर बदलावे लागते. आईबापांच्या बेफिकिरीला दोष देण्याआधी हा रस्ता पाहायला हवा.

अशा शाळेतून बाहेर पडलेला माणूस मोठेपणी काय गमावतो? डेट्रॉइटमध्ये त्याचे उत्तर घराच्या दारावर चिकटवलेल्या नोटिशीत आहे. २०११ ते २०१५ या काळात शहरातली चारपैकी एक मालमत्ता घरपट्टी थकल्यामुळे जप्त झाली. मिशिगनच्या कायद्यात गरीब घरमालकाला घरपट्टीत सूट आहे, म्हणजे जप्ती आलेल्यांतले अनेक जण ती पट्टी मुळात देणेच लागत नव्हते. सूट मात्र अर्ज करून मागावी लागे, दर वर्षी नव्याने, कागदपत्रे जोडून. कित्येकांना ती आहे हेच ठाऊक नव्हते. अर्जाची वाट इतकी किचकट होती, की २०१६ मध्ये त्यावर खटला झाला आणि २०१८ च्या तडजोडीत शहराला ती सोपी करावी लागली. सगळी घरे वाचता न आल्यामुळे गेली असे म्हणता येणार नाही. बेकारी होती, मालमत्तेचे मूल्यांकन अवाच्या सव्वा होते. पण ज्या शहरात हक्क मिळवण्यासाठी नमुना भरावा लागतो, तिथे नमुना न वाचता येणारा माणूस सर्वांत आधी उघड्यावर येतो.

तो हे सांगतही नाही. ‘चष्मा घरी राहिला’, ‘घरी नेऊन भरून आणतो’, ‘तुम्हीच सांगा ना काय लिहिलंय’ अशा वाक्यांनी माणसे आयुष्यभर निभावून नेतात. जगभरच्या साक्षरता वर्गांतल्या शिक्षकांना ही वाक्ये ओळखीची आहेत. शाळेत न गेलेला माणूस ‘मला शिकायला मिळाले नाही’ असे मान वर करून सांगू शकतो; दाखला असलेल्याला तीही सोय नाही, त्याला वाटते दोष आपल्यातच आहे. आणि या माणसाच्या मुलाचे प्रगतिपुस्तक घरी येते तेव्हा मूल खरेच वाचते का, हे तो तपासू शकत नाही. शाळेला जाब विचारणारे पालकच शाळेने घडू दिले नाहीत. पडक्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या तशाच कशा राहतात, याचे मोठे कारण मला इथे दिसते.

मग कायद्याने शाळेला जाब विचारता येतो का? २०१२ साली हायलँड पार्कच्या मुलांच्या वतीने दावा झाला. चौथी आणि सातवीच्या वाचन चाचणीत मागे पडलेल्या मुलाला वर्षभरात इयत्तेच्या पातळीवर आणण्यासाठी खास मदत द्यावी, असे मिशिगनच्या कायद्यात लिहिलेलेच होते. ती मिळाली नाही, एवढीच तक्रार. नोव्हेंबर २०१४ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तो फेटाळला. फोर्डने ज्या गावात परदेशी मजुरांना वाचायला शिकवले होते, त्याच गावात बरोबर शंभर वर्षांनी मुलांना हे उत्तर मिळाले.

डेट्रॉइटच्या विद्यार्थ्यांनी २०१६ चा दावा संघीय न्यायालयात नेला. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही, आणि शिक्षण हा मूलभूत हक्क नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ‘रॉड्रिग्ज’ खटल्यात म्हटलेले होते. मुलांचा युक्तिवाद साधा होता: राज्य आम्हाला कायद्याने शाळेत बसायला लावते, आणि तिथे वाचायलाही शिकवत नाही, मग मतदान, न्यायालय, नोकरी यांत आम्ही भाग घ्यायचा कसा? खालच्या न्यायालयाने २०१८ मध्ये दावा काढून टाकला. २३ एप्रिल २०२० रोजी सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने मात्र दोन विरुद्ध एक मतांनी मान्य केले, की किमान साक्षर करणारे शिक्षण हा घटनेने दिलेला हक्क आहे. असा निकाल अमेरिकेत पूर्वी कधी आला नव्हता. मे महिन्यात गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी विद्यार्थ्यांशी तडजोड केली. तिच्यानंतर काही दिवसांतच त्या न्यायालयाच्या पूर्ण पीठाने फेरसुनावणीसाठी तो निकाल रद्द ठरवला, आणि तडजोड झालेली असल्यामुळे सुनावणी झालीच नाही. हक्क जेमतेम महिनाभर टिकला.

तडजोडीत डेट्रॉइटच्या मुलांच्या वाचनासाठी किमान ९ कोटी ४४ लाख डॉलर विधिमंडळाकडे मागण्याचे आश्वासन होते. तीन वर्षे ते कागदावर राहिले. २०२३ च्या अर्थसंकल्पात रक्कम मंजूर झाली आणि तिच्यातून मागे पडलेल्या मुलांना लहान गटांत वाचन शिकवणारे मदतनीस नेमले जाऊ लागले. हेच काम पूर्वी न झाल्यामुळे शहरातल्या डोमिनिकन लिटरसी सेंटरसारख्या संस्था वर्षानुवर्षे मोठ्या माणसांना एकास एक स्वयंसेवक देऊन मोफत वाचायला शिकवत आल्या आहेत. माणूस चाळिशीतही वाचायला शिकतो. मात्र कामाच्या दोन पाळ्यांमधून वेळ काढून शिकायला त्याला कित्येक वर्षे लागतात, आणि अशा वर्गांना सरकारी पैसा नेहमीच सर्वांत कमी मिळाला आहे.

२०१६ मध्ये दावा दाखल झाला तेव्हा तिसरीत असलेली मुले पैसा मंजूर झाला त्या वर्षी दहावीत गेली होती. तेव्हा अकरावी-बारावीत असलेली आज प्रौढ आहेत, आणि प्रौढ साक्षरतेची पुढची पाहणी होईल तेव्हा त्यांची मोजदाद तिच्यात होईल.